डनॅडच्या खडकावरचं पाऊल

ग्लासगोहून बस लॉख लोमंडच्या काठाने स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाते. या मुलखाचं नाव आर्गाईल, म्हणजे गेल लोकांचा, गेलिक भाषा बोलणाऱ्यांचा किनारा. मी आलो होतो डनॅड बघायला.

सपाट दलदल, तिच्यातून वळसे घेत जाणारी अॅड नदी आणि मध्येच उभा एक खडक, उंची जेमतेम ५४ मीटर. राजगड-तोरणा चढलेल्या माणसाला हे टेकाडच वाटेल. पण सहाव्या-सातव्या शतकात दाल रियाटा या गेलिक राज्याचं हे मोठं ठाणं होतं. राज्य समुद्राच्या दोन्ही काठांवर होतं. इथून दक्षिणेला पसरलेल्या किन्टायर द्वीपकल्पाच्या टोकापासून आयर्लंडचा किनारा वीसेक किलोमीटरवर आहे. सातव्या शतकातली मानली जाणारी त्यांची एक नोंद टिकून आहे: दर वीस घरांमागे सात बाकांच्या दोन होड्या पुरवायच्या. एका बाकावर दोन वल्हेकरी धरले, तर वीस घरांतून २८ माणसं झाली. हा हिशेब करत मी वर चढलो आणि खालची दलदल वेगळीच दिसू लागली. या राजांची खरी जमीन पाणीच होती.

इथल्या उत्खननात फ्रान्सकडून आलेली मडकी सापडली, दागिने ओतायचे साचे सापडले आणि हरताळाचा एक तुकडाही. वाचून मी थबकलोच. हरताळ भूमध्य समुद्राच्या बाजूने आलेला, हस्तलिखितं रंगवायला पिवळा रंग म्हणून वापरला जाणारा. आपल्याकडे पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला तोच फासायचे. एकच खनिज, तिथे शोभेला आणि इथे दुरुस्तीला!

माथ्याजवळ कातळात पाऊल कोरलेलं आहे. नवा राजा त्यात पाय ठेवून राज्य स्वीकारत असे, असं मानलं जातं. मूळ खूण जपण्यासाठी वर हुबेहूब प्रतिकृतीचा दगड बसवलाय. मी बूट काढून त्यात पाय ठेवला. दगड गार आणि पावसाने ओला होता. शेजारी रानडुकराचं चित्र आणि ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा आहेत. ७३६ मध्ये पिक्टांच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या शेजारी लोकांच्या, राजाने हा गड घेतला. पुढे स्कँडिनेव्हियातून नॉर्स लोक आले आणि समोरच्या बेटांना गेल लोकच 'इन्से गॉल', परक्यांची बेटं, म्हणू लागले. मला हे नाव फार लागलं. आपल्याच समुद्रातल्या बेटांना परक्यांची म्हणायची वेळ आली.

पण ती बेटं पुन्हा गेलिक झाली. केनाक्रेगहून बोटीने आयले बेटावर गेलो. तिथल्या फिनलॅगन तळ्यातल्या दोन लहान बेटांवरून मॅकडोनाल्ड घराण्याने सगळ्या पश्चिम बेटांवर सत्ता चालवली. लाकडी पुलावरून मोठ्या बेटावर जाता येतं. त्याच्यापलीकडे इवलंसं बेट दिसतं, 'कॉर्ला'चं, म्हणजे सल्लामसलतीचं. सतराव्या शतकातल्या एका वर्णनानुसार इथेही नवा अधिपती पांढरी वस्त्रं घालून पावलाची खूण असलेल्या दगडावर उभा राहत असे. डनॅडची रीत अशी शेकडो वर्षं चालत आलेली.

१४०८ मध्ये अधिपती डॉनल्डने आयलेतली जमीन एका माणसाला दिली आणि ती सनद गेलिकमध्ये लिहून दिली. कारभाराच्या कागदाला तेव्हा लॅटिन लागे. मोडी कागदांत वाढलेल्या आपल्याला स्वतःच्या भाषेतल्या सनदेचं मोल वेगळं सांगायला नको. १४९३ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने हे अधिपत्य काढून घेतलं आणि गेलिक दरबार मोडला.

परतण्याआधी पडक्या चॅपेलमध्ये काचेखाली ठेवलेल्या कबरशिळा पाहिल्या. एकीवर चिलखत घातलेला सोळाव्या शतकातला योद्धा आहे. त्याच्या पायांखाली शिल्पकाराने गलबत कोरलंय.