उदगीरचं कुटुंब आणि सिंगापूरचा पहिला दिवस

विमान सकाळी साडेसहाला चांगी विमानतळावर उतरलं आणि त्याच तारखेची युनिव्हर्सल स्टुडिओज या मनोरंजन पार्कची सहा तिकिटं हातात होती. आजी, आजोबा, मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. तिकिटं घरच्यांनी आधीच ऑनलाइन काढली होती. रात्री विमानात झोप होईल आणि सकाळी ताजेतवाने पार्कात जाऊ, असा त्यांचा हिशेब. लातूर, नांदेड, उदगीर भागातल्या कुटुंबांबरोबर परदेशी सहलीला जाणं हे माझं काम आहे, आणि हा हिशेब जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळतो.

खरा हिशेब वेगळा आहे. उदगीरहून आदल्या दिवशी दुपारी गाडी निघाली. बीदर, जहीराबाद, मग हैदराबादचा बाह्यवळण रस्ता धरून संध्याकाळी शमशाबाद विमानतळ. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, विमान मध्यरात्रीच्या आसपास, प्रवास साडेचार तासांचा. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे तिथे साडेसहा वाजतात तेव्हा शरीराच्या लेखी पहाटेचे चार असतात. त्यात जेवणाचे ट्रे, दिवे आणि मुलांची चुळबुळ वजा केली की झोप होते दोन-अडीच तास. हॉटेलची खोली दुपारी तीननंतर मिळणार. माझं मत विचाराल तर उतरल्या दिवशी पार्क ठेवूच नये. पण तारखेचं तिकीट वाया घालवणं कुणाला परवडत नाही, म्हणून तो दिवस कसा मांडायचा हे आम्ही निघण्याआधीच घरी बसून ठरवलं होतं.

त्यातलं पहिलं काम म्हणजे मुलांची उंची. नातीची उंची वडिलांनी फोनवर "चार फूट" सांगितली. चार फूट म्हणजे 122 सेंटिमीटर, आणि इथे नेमकी तीच रेघ महत्त्वाची. ममीच्या अंधाऱ्या रोलर कोस्टरला किमान 122 लागतात, बॅटलस्टार गॅलॅक्टिका या उघड्यावरच्या कोस्टरला 125. भिंतीला टाचा लावून, अनवाणी, डोक्यावर जाड वही आडवी धरून मोजलं तर पोरगी 119.5 भरली. धाकटा 103. ट्रान्सफॉर्मर्स या छपराखालच्या राइडला 102 लागतात, त्यामुळे तो जेमतेम एका सेंटिमीटरनं बसत होता. ज्युरासिक पार्कच्या पाण्यातल्या राफ्टला 107, तिथे तो नाही. हवेत लटकत जाणाऱ्या कॅनोपी फ्लायरला 92, तिथे दोघंही चालतात, पण 122 च्या आतल्या मुलाबरोबर मोठं माणूस हवं. ही यादी कागदावर लिहून मुलांना उदगीरलाच वाचून दाखवली. दारावर कर्मचारी मोजपट्टीशी उभं करतो आणि नाही म्हणतो, तेव्हा बाप वाद घालायला लागतो, पोर रडायला लागतं. ते आधीच घरी रडून झालेलं बरं. मर्यादा उगाच ठेवलेली नसते. मांडीवर येणारा दांडा ठरावीक उंचीच्या शरीराचा हिशेब धरून बनवलेला असतो. अंग लहान असलं तर ते त्याखालून सरकू शकतं. बुटात कागदाच्या घड्या घालून उंची वाढवायचा सल्ला देणारे नातेवाईक भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नये.

दुसरं काम बॅगांचं. सुनेनं धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली होती, ती ठेवली. अनारसे मात्र काढले, कारण त्यावर खसखस असते आणि सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे. काळ्या मसाल्याची पुडीही त्याच कारणानं घरी राहिली. आजोबांची तंबाखू-चुन्याची डबी शमशाबादला गाडीच्या ड्रायव्हरकडे दिली. तंबाखू, गुटखा, खैनी, जर्दा, तपकीर, मिसरी यातलं काहीही तिथे चालत नाही, स्वतःपुरतं नेलेलंही नाही. हे ऐकून आजोबा गप्प झाले, पण डबी दिली. च्युइंगम मुलांच्या खिशातून काढलं.

आगमनाचं ई-कार्ड प्रत्येकाचं वेगळं भरावं लागतं, उतरण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत, आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करायची. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, मुक्कामाची परवानगी ईमेलवर येते. म्हणून कार्डावरचा ईमेल घरातल्या रोज उघडणाऱ्या माणसाचा हवा. सहा वर्षांखालच्या मुलाला आपोआप उघडणाऱ्या दरवाज्यातून जाता येत नाही, तो आईबरोबर काउंटरच्या रांगेत.

विमानतळावरच तोंड धुऊन, कपडे बदलून मोठी टॅक्सी घेतली. ॲपवरच्या खासगी गाडीत 1.35 मीटरपेक्षा बुटक्या मुलाला वेगळी आसनं लागतात, टॅक्सीला त्यातून सूट आहे. हॉटेल फॅरर पार्कला घेतलं होतं, मुद्दाम. तिथून जांभळ्या मार्गाची मेट्रो गाडी न बदलता थेट हार्बरफ्रंटला जाते, सहावं स्टेशन, शेवटचं. शिवाय पाच मिनिटांवर सेरांगून रोड, जिथे इडली आणि भात दोन्ही मिळतात. बॅगा हॉटेलात ठेवल्या, आठ वाजता नाश्ता केला. मेट्रोत प्रत्येकाला स्वतःचं कार्ड टेकवावं लागतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत. हार्बरफ्रंटवरून वर व्हिवोसिटी मॉल, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसाची मोनोरेल. पार्क याच सेंटोसा बेटावर आहे. बेटावर जाताना पैसे लागतात, परतताना नाही.

दहाच्या आधी दारात होतो. दार उघडताच बहुतेक गर्दी ट्रान्सफॉर्मर्सकडे पळते. आम्ही उलट विचार केला होता. सिंगापुरात वर्षातले दीडशेहून जास्त दिवस विजा कडाडतात, आणि बहुतेकदा दुपारी. जवळपास वीज दिसली की उघड्यावरच्या सगळ्या राइड थांबतात: कॅनोपी फ्लायर, राफ्ट, बॅटलस्टार, मुलांची छोटी कोस्टर. म्हणून सकाळी सगळं उघड्यावरचं, आणि छपराखालचं संध्याकाळी. आत शिरताच थेट लॉस्ट वर्ल्ड भागात. कॅनोपी फ्लायरच्या डब्यात एका वेळी फार थोडी माणसं बसतात, त्यामुळे रांग लहान दिसली तरी सरकत नाही. ती सर्वांत आधी.

मग राफ्ट. बाप आणि नात गेले. गोल राफ्ट शेवटी अंधारात लिफ्टनं वर जाते आणि खाली सोडली जाते, तेव्हा भिजणं नक्की. भिजलेल्या कपड्यांनी वातानुकूलित जागेत बसलं की मूल कुडकुडतं, आणि तिथल्या दमट हवेत कपडे आपल्यासारखे अर्ध्या तासात वाळत नाहीत. एक सुका जोड पिशवीत, पिशवी लॉकरमध्ये. लॉकर ठरावीक वेळ फुकट असतो, पुढे पैसे लागतात. पायात सँडल. कोऱ्या बुटांनी पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतात आणि पुढचे चार दिवस जातात.

आजी, सून आणि नातू सावलीच्या बाकावर बसले होते. आजींना मधुमेह आहे. सव्वाबाराच्या सुमाराला त्यांचं बोलणं कमी झालं. घामानं पदर भिजला होता, पण तिथे तर सगळ्यांचेच कपडे ओले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा 42 वर असला तरी घाम येतो तसा उडून जातो. इथे 32 अंशांत तो अंगावरच राहतो. म्हणून रक्तातली साखर उतरल्याची पहिली खूण, म्हणजे घाम, इथे कुणाच्या लक्षात येत नाही. "मावशी, काय होतंय?" असं विचारलं तर म्हणाल्या, "काई न्हाई, गरम व्हायलंय नुसतं." मग नातवाचं नाव विचारलं. त्यांनी मुलाचं नाव सांगितलं. हात धरला तर बोटं थरथरत होती.

शुगर मोजायचं मशीन सुनेच्या हातातल्या पिशवीतच होतं, हॉटेलात नाही. आकडा आला 62. सत्तरच्या खाली म्हणजे कमी. सुनेचा नवरा राफ्टवरून येऊन धावत कोला घेऊन आला, तो नेमका बिनसाखरेचा. तो कामाचा नाही. चॉकलेट, आइस्क्रीमही त्या घडीला नको, त्यातली चरबी साखर रक्तात उतरायला उशीर लावते. लागते ती साधी साखर, 15 ग्रॅम: पाण्यात तीन चहाचे चमचे, किंवा दीडशे मिलिलिटर फळांचा गोड रस. सफरचंदाचा रस मिळाला. तो दिला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबलो. पुन्हा मोजलं, 88. त्यानंतर धपाटा आणि केळं दिलं, कारण रसाची साखर जशी लवकर चढते तशी लवकर उतरते. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट जवळच्या कर्मचाऱ्याला सांगून प्रथमोपचाराची माणसं बोलवायची. आम्ही त्यांनाही कळवलं होतं, ते व्हीलचेअर घेऊन आले आणि आजींना थंड खोलीत नेऊन तपासलं.

हे का झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आजींना मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. ही दुसरी गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन बाहेर काढायला लावते. सकाळी गोळी वेळेवर घेतली, पण नाश्ता एक इडली. आपल्याकडची वयस्क बाईमाणसं प्रवासात मुद्दाम कमी खातात, कमी पितात, परक्या ठिकाणी सारखं शौचालय शोधायला नको म्हणून. त्यावर दोन तासांचं चालणं, जे त्या घरी कधी चालत नाहीत. चालण्यानंही साखर उतरते. म्हणजे गोळी पूर्ण, अन्न अर्धं, श्रम दुप्पट. निघण्यापूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: ज्या दिवशी जास्त चालणं आणि अडीच तासांचा फरक आहे, त्या दिवशी कोणती गोळी कधी घ्यायची? उत्तर कागदावर लिहून घ्यावं. आणि घरच्या बायकांनी सासूला स्पष्ट सांगावं की शौचालयं स्वच्छ आहेत आणि पावलोपावली आहेत. हे एक वाक्य सांगितलं की त्या पाणी प्यायला लागतात. नळाचं पाणी तिथे पिण्याचंच असतं, बाटली आत नेता येते.

आजी सावरल्या तोवर एक वाजत आला होता आणि आभाळ काळं झालं. घोषणा झाली, उघड्यावरच्या राइड थांबल्या. आता सगळी गर्दी ट्रान्सफॉर्मर्स आणि ममीच्या रांगेत शिरते, आणि ॲपमधले प्रतीक्षेचे आकडे झपाट्यानं चढतात. अशा वेळी रांगेत उभं राहायचं नाही, खाली बसायचं. पावसाचे दीड-दोन तास हीच या कुटुंबाची झोपेची वेळ आहे, असं समजून आम्ही जेवणाच्या छपराखाली कोपऱ्यातलं टेबल धरलं. भात आणि भाजी मागवताना "अंडं नको, मासळीचा किंवा कालवांचा सॉस नको" हे एकेक शब्दानं सांगावं लागतं. नुसतं "व्हेज" म्हटलं तर नूडल्समध्ये यातलं काहीतरी येऊ शकतं. नातू भाड्याच्या स्ट्रोलरमध्ये झोपला. पाच वर्षांच्या मुलाला स्ट्रोलर नको, असं वडिलांचं म्हणणं होतं. पहिल्या दिवशी तो हवाच, निदान झोपायला.

साडेतीनला पाऊस थांबला. राइड लगेच सुरू होत नाहीत. रिकाम्या गाड्या फिरवून तपासतात, मग एकेक उघडतात. उघडताच गर्दी पुन्हा बाहेर धावली आणि आतल्या रांगा ओसरल्या. तेव्हा ट्रान्सफॉर्मर्स. धाकट्याला मोजपट्टीशी उभं केलं, बसला. ममीला आई-वडील आलटून पालटून गेले: एक जण मुलांजवळ थांबतो, दुसरा परत आला की पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. ही सोय दारावरच्या कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्याआधी सांगावी लागते, नंतर नाही. नात ममीच्या दाराशी थांबली, हट्ट केला नाही. आजोबांनी तिला दुकानात नेलं.

बॅटलस्टार कुणीच केली नाही. पार्क बंद होईपर्यंत थांबलोही नाही. शेवटच्या तासात रांगा सर्वांत लहान असतात हे खरं, पण अडीच तासांच्या झोपेवरची मुलं तोवर टिकत नाहीत, आणि मोनोरेलला तेव्हाच सगळ्यांची झुंबड उडते. साडेपाचला निघालो. सेरांगून रोडवर वरण-भात, आजींची शुगर जेवणाआधी 134.

रात्री सुनेनं दुसऱ्या दिवसाचं गोळ्यांचं वेळापत्रक सिंगापूरच्या घड्याळाप्रमाणे कागदावर मांडलं, त्यात प्रत्येक गोळीपुढे काय खायचं ते लिहिलं आणि तो कागद आजोबांच्या खिशात ठेवला, कारण गोळी ते देतात. ओल्या सँडलमध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरले. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत कुणाला उठवायचं नाही आणि बाहेर पडायचं ते ऊन उतरल्यावर, चारनंतर, एवढं ठरवून दिवे बंद केले.