नानांची सही: एका कथेचं पुनर्लेखन

ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत, रिडेव्हलपमेंटच्या सह्या गोळा करणारा सेक्रेटरी आणि सही न देणारे नाना. माझ्या कथेचा ऐवज एवढाच. खर्ड्यात 'नाना मूळचे हट्टी, पण मनाने हळवे' असं वाक्य होतं. ते काढायचं होतं आणि तरी वाचकाला नाना कळायला हवे होते.

प्रिंट काढून लाल पेनने स्वभाव सांगणारी विशेषणं अधोरेखित केली: हट्टी, हळवे, लाघवी, धूर्त. प्रत्येकापुढे समासात लिहिलं, हे दिसतं कुठे? जिथे उत्तर नव्हतं तिथे एक तर प्रसंग रचला, नाहीतर विशेषण सोडून दिलं. सेक्रेटरीचं 'लाघवी' असं गेलं. कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

मग संवाद. खर्ड्यात होतं:

"नाना, सही करा ना, सगळ्यांचं अडलंय."

"नाही करणार. या घरात माझा जन्म गेला."

दोघंही पोटातलं ओठावर आणून मोकळे होतात, पुढे बोलायला काही उरत नाही. शिवाय व्यवहारही चुकतो. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानंतर पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. नानांच्या सहीवाचून ठराव अडत नाही. मग सेक्रेटरी तीन जिने चढून येतो कशाला? हा प्रश्न पडला आणि प्रसंगात जीव आला. नानांच्या हातात पाना दिला. इमारत पडायची आहे आणि ते मोरीतल्या नळाचा वॉशर बदलतायत:

"नाना, एक्कावन्न टक्के कधीच झालेत."

"बॅटरी जरा खाली धर."

"तुमचं एकट्याचंच नाव कोरं दिसतं यादीत."

"खाली म्हटलं ना. पडला बघ वॉशर."

नाना एकाही वाक्याला उत्तर देत नाहीत. सेक्रेटरी फाइल काखेत मारून मुकाट्याने बॅटरी धरतो, त्यात तोही दिसतो. नावं हाताने झाकून वाचलं तरी कोण बोलतंय ते कळतं. ही परीक्षा मी प्रत्येक संवादाची घेतो. सेक्रेटरी ऐरोलीला नोकरीला, ट्रान्स-हार्बर लोकलने जाणारा. तो 'डेव्हलपर' म्हणतो, बिल्डर सभासदांना देतो त्या एकरकमी पैशाला 'कॉर्पस' म्हणतो; नाना फक्त 'बिल्डर' म्हणतात, तेही क्वचित.

कृती निवडताना चष्मा पुसणं, खिडकीबाहेर बघणं, सुस्कारा टाकणं हे सरसकट कापलं. ते कुणीही कुठल्याही कथेत करू शकतं. उलट टोकही असतं: नळदुरुस्ती तीन परिच्छेद चालली, तर कथेची प्लंबिंगची पुस्तिका होते. कॉक बंद करणं, जुना वॉशर अंगठ्याने उकरणं, कॉक सोडून थेंब गळतोय का बघणं, एवढंच ठेवलं. 'वैतागून म्हणाले', 'खालच्या आवाजात पुटपुटले' हेही गेलं. वाक्यातच वैताग नसेल तर क्रियाविशेषणाने तो येत नाही. 'म्हणाले' पुरतं, पुष्कळदा तेही लागत नाही.

सगळ्यात चिवट असतं ते कृतीमागून येणारं खुलाशाचं वाक्य. 'जणू हे घर कधी पडणारच नव्हतं' हे मला आवडलेलं होतं, म्हणून जास्तच संशयाने पाहिलं. वॉशरने जे सांगून झालंय तेच ते पुन्हा सांगत होतं. कापलं.

एक गोष्ट जागा बदलून ठेवली. नाना सेक्रेटरीला एरवी अरे-तुरे करतात, एकदाच म्हणतात, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही निघा आता." पहिल्या पानावर हे नुसतं खोचक वाटत होतं, कारण दोघांतली सलगी वाचकाने अजून पाहिलेली नव्हती. आता ते नळ दुरुस्त झाल्यावर येतं, सेक्रेटरी बिल्डरकडून मिळणाऱ्या महिन्याच्या भाड्याचा आकडा सांगतो त्याच्या लगेच पुढे.