अडकित्त्याने कापलेली सिगार

मुलगा कंपनीच्या कामासाठी पंधरा दिवस माद्रिदला जाऊन आला. येताना बापासाठी बूट आणले, बहिणीसाठी ऑलिव्हच्या तेलाचा साबण आणि माझ्यासाठी दोन सिगारी. "अरे, मला कशाला?" म्हटलं, तर म्हणतो, "आई, तू सिन्नरची. या घरात तंबाखूतलं कळणारं दुसरं आहे कोण?"

बोलणं टोचणारं होतं, पण खोटं नव्हतं. सिन्नरला आमच्या गल्लीत दुपारी चक्कर मारली, तर ओट्याओट्यावर मांडीत सूप घेऊन बायका विड्या वळत बसलेल्या दिसायच्या. पुढे नाशकात बी.कॉम. केलं ते बीवायके कॉलेजात. सगळे ते नाव तीन अक्षरांत उरकतात, पण पुरतं नाव भिकुसा यमासा क्षत्रिय. ते मी कॉलेजच्या पाटीवर वाचायच्या कितीतरी आधी विडीच्या बंडलावर वाचलेलं होतं. घरात आजी मिसरी लावायची. मी आयुष्यात एक झुरका मारला नव्हता, पण वाढले सगळी तंबाखूच्या वासात.

सिगारी आल्या नेमक्या श्रावणात. ज्या घरात महिनाभर कांदा-लसूण शिरत नाही, तिथे क्युबाची सिगार पेटवायची कशी? मग गणपती आले. मग पितृपक्ष, मग नवरात्र. दिवस चांगले म्हणून नको आणि दिवस वाईट म्हणूनही नको. तोवर त्या दोघी घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब, पडून होत्या. सोबत ओलावा राखणारी एक पुडी दुकानदाराने दिलेली. मुलाची ताकीद होती की हवेतला ओलावा ६५ ते ७० टक्के राहिला पाहिजे. कमी झाला तर पान तडकतं, वाढला तर बुरशी धरते. हे त्याने मला सांगावं! शेजारची मावशी टेंभुर्णीची पानं भिजवून रात्रभर गोणपाटात गुंडाळून ठेवायची, ती काय शोभेला?

कोजागरीनंतरच्या रविवारी मुहूर्त लागला. इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर दोन खुर्च्या टाकल्या. समोर पांडवलेण्यांचा डोंगर, खाली महामार्गाची घरघर. यजमान "मी फक्त सोबतीला" म्हणून बसले, हातात चिवड्याची वाटी घेऊन.

आधी नुसतं बघितलं. लांबी चार इंच, माझ्या मधल्या बोटाहून जरा जास्त. सिगारवाले जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. हिची चाळीस, म्हणजे चाळीस भागिले चौसष्ट, पाच अष्टमांश इंच, सोळा मिलिमीटरच्या आसपास. गावभर मेट्रिक पद्धत आली तरी यांचं आपलं सोनाराच्या गुंजेसारखं वेगळंच माप. आकार लहान म्हणून हलक्यात काढण्यासारखी ती नव्हती. यंत्रावर केलेल्या स्वस्त लहान सिगारींत बहुधा पानांचा चुरा भरतात. हिच्या पोटात अख्खी लांब पानं दुमडून बसवलेली, त्यांना आवळून धरणारं एक पान मधे, आणि सगळ्यांत वर देखणं, तेलकट झाक असलेलं वेष्टणाचं पान. पोटातल्या पानांचीही वाटणी ठरलेली असते. झाडाच्या शेंड्याकडची पानं उन्हाने जाड आणि कडक होतात, ती जोरासाठी, मधली वासासाठी, बुडाकडची पातळ, ती नीट जळावं म्हणून. एकाच झाडावर तिखट, मीठ आणि सरपण.

वेष्टणाच्या पानावर शिरा जवळजवळ दिसतच नव्हत्या. अशा पानासाठी क्युबात अख्ख्या शेतावर कापडाचा मांडव घालतात. ऊन गाळून पडलं की पान पातळ, मऊ आणि एकसारखं निघतं. निफाडकडच्या कुणालाही हे नवल वाटणार नाही. आपल्याकडे द्राक्षांचे घड गुलाबी पडू नयेत म्हणून बागेत एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद लावत फिरतात. मी स्वतः भावजयीच्या बागेत दोन दिवस ते काम केलंय आणि हात वर धरून धरून खांदे भरून आलेत.

मग न पेटवता वास घेतला. खरं सांगायचं तर अख्ख्या कार्यक्रमातला हा भाग मला सगळ्यांत आवडला. बारदानाचा वास, मनुकांच्या पेटीचा वास, आणि त्यामागे ज्याचं नाव चटकन सापडेना असा लाकडाचा. सिगारी ठेवतात त्या पेट्यांचं लाकूड, ज्याला ते स्पॅनिश सिडर म्हणतात, ते देवदाराच्या नात्यातलं नाहीच. ते कडुनिंबाच्या कुळातलं. हे कळलं तेव्हा नाक परत एकदा लावून बघितलं. कडुनिंब काही सापडला नाही, पण आजीची संदूक सापडली.

आता कापायची. त्यासाठी कातर लागते, छोट्या गिलोटिनसारखी, आणि ती मुलाने आणली नव्हती. सुरीने पान फाटेल, दाताने तोडणं बरं दिसत नाही. यजमानांनी खाली जाऊन आईंचा पितळी अडकित्ता आणला. टोकाला गोल टोपी चिकटवलेली असते, तिचा वरचा दोनेक मिलिमीटरचाच काप घ्यायचा. खोल गेलं तर वेष्टण सुटतं आणि सगळी सिगार उलगडत जाते. अडकित्त्याचं पातं सुपारी फोडायला बनलेलं, कातरायला नाही. 'कट्' असा खणखणीत आवाज झाला, टोपी उडून चिवड्यात पडली आणि वेष्टणाला नखाएवढी चीर गेली. बोटाला थुंकी लावून चीर दाबली. यजमानांनी चिवडा बाजूला ठेवला.

काडी ओढल्यावर गंधक जळून जाईपर्यंत थांबायचं, ज्योत टेकवायची नाही, जरा लांब धरून सिगार फिरवत टोक सगळीकडून तांबडं करायचं. हे वाचून ठेवलं होतं. गच्चीवरच्या वाऱ्याने काही वाचलेलं नव्हतं. सात काड्या गेल्या.

पहिला झुरका तोंडात घेतला. तोंडातच ठेवायचा असतो, छातीत ओढायचा नाही. मिरी. अगदी ताज्या कुटलेल्या मिरीची चुणचुण, जिभेवर कमी आणि नाकाच्या मुळाशी जास्त. मग वाळलेला कडबा. मग काहीच नाही, नुसता गरम धूर.

काही वर्षांपूर्वी बँकेतल्या आम्ही सात-आठजणी गंगापूर धरणाकडे एका वायनरीत चव घ्यायला गेलो होतो. तिथला मुलगा पेला फिरवत म्हणाला, यात लिची आहे, यात ओलं गवत आहे, यात चामडं आहे. आमच्यातली एक, जिच्या घरी सोळा एकर द्राक्षं, ती म्हणाली, "अगंबाई, आम्ही तर नुसती द्राक्षंच लावली होती." तेव्हा खूप हसलो. पण गच्चीवर बसून माझंही तेच चाललं होतं. सिगारीच्या परीक्षणांत कोको, चामडं, टोस्ट असे शब्द येतात. चामडं म्हणजे मला शाळेचं दप्तर आठवतं, आणि ते पावसात भिजलेलं असायचं. टोस्ट आमच्याकडे चहात बुडतो, त्याला जळकेपणा म्हणून चव कुठली? मी माझे शब्द शोधत बसले. निम्म्यावर आल्यावर धूर गोडसर झाला, तेव्हा भाजलेल्या शेंगदाण्यांचं घमेलं आठवलं, फोलपटं फुंकताना येतो तो वास. तोवर राख दीडेक इंच लांब, पांढुरकी, न पडता उभी होती. आत चुरा नसल्याची ती खूण. मग ती पडली, तुळशीत. सासूबाई असत्या तर परीक्षण तिथेच संपलं असतं.

मिनिटाला एक झुरका पुरे, असं सांगतात. मला घाई नडली. भराभर ओढलं की सिगार तापते आणि कडवट होते. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात तसंच झालं. आणि त्या कडवटपणात अचानक एक ओळखीचा वास वर आला. तव्यावर भाजणारी मिसरी. पहाटेची चूल, तवा काळाकुट्ट, तंबाखूचा धूर डोळ्यांत, आणि आजी भाजून कोळसा झालेली तंबाखू पाट्यावर चुरते आहे. कोको-बिको राहू दे, ही चव मला पाठ होती. तेवढ्यात उचकी लागली, कपाळावर गार घाम फुटला. धूर आत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून अंगात शिरतंच. यजमानांनी गुळाचा खडा दिला. चार इंचांतला पाऊण इंच राहिला तो तसाच ठेवून दिला. सिगार चिरडून विझवत नाहीत, आपोआप विझू देतात म्हणे.

आत ओढत नाही म्हणजे धोका नाही, असं मला कुणी सांगू नये. आजीने धूर कधीच आत घेतला नव्हता. तिला तोंडाचाच झाला. ही सिगार पहिली आणि शेवटची, हे पेटवण्याआधीच ठरलेलं होतं.

उरली दुसरी. ती पर्समध्ये टाकून दिवाळीच्या आधी सिन्नरला गेले. तीस किलोमीटर काय ते, पण जाणं होत नाही. मावशी आता सत्तरीच्या पुढे, विड्या सोडून बरीच वर्षं झाली. लहानपणी मी तिच्या ओट्यावर बसून शाळेचे धडे मोठ्याने वाचायचे आणि ती वळायची. मी थांबले की तिचे हातही मंदावायचे, मग म्हणायची, "वाच की पुढं." हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून वळणाऱ्यांना वाचून दाखवायला माणूस असतो आणि पूर्वी कामगारच आपल्या पगारातून वर्गणी काढून त्याला पैसे द्यायचे, हे वाचलं तेव्हा मला माझे बुडालेले पैसे आठवले. मावशी फार तर पेरू द्यायची.

सिगार तिच्या हातात दिली. तिने वास घेतला नाही की रंग पाहिला नाही. अंगठा आणि दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच दाबत, फिरवत नेली. माझ्या गच्चीवरच्या अख्ख्या संध्याकाळीत मला हे सुचलं नव्हतं. पेटवायच्या टोकापासून इंचभर अलीकडे तिची बोटं थांबली, मागे गेली, परत तिथेच आली.

"हितं पोकळ हाय."

मी दाबून पाहिलं. होतं. जरासं, पण होतं.

"आमच्या चेकरनं छाटात टाकली असती," ती म्हणाली. छाट म्हणजे नापास विड्या; त्या बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी कापायची, आणि विड्या मात्र परत द्यायच्या नाहीत. तिच्या आवाजात राग नव्हता, कामाचं बोलणं होतं. कायद्याच्या लेखी तरी विडी आणि सिगार एका घरातल्या. १९६६ सालचा कायदा बिडी आणि सिगार कामगार असा एकत्रच होता. हे मी तिला सांगितलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"केवढ्याला?"

मी खरी किंमत सांगितली नाही, निम्मी सांगितली. तरी तिने सिगार ओट्यावर जपून ठेवली, जशी काचेची असावी.

"आन् वळणाऱ्याला हजाराला किती देत्यात?"

लांबी, जाडी, पान, मांडव, ओलावा, राख, सगळं मी वाचून काढलं होतं. हे नव्हतं. म्हटलं, "ते नाही माहीत गं. पण एका माणसाच्या दिवसाला शंभराच्या आसपास होतात."

"दिवसाला शंभर?" मावशी दिवसाला हजार वळायची, स्वयंपाक, पाणी आणि तीन पोरं सांभाळून. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सिगारीकडे, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"मंग बरंय की त्याचं. वाचून बी दावत्यात, आन् शंभर!"