खोली ऐकण्याचा व्यवसाय

नागपुरात सीताबर्डीवर आमचे ध्वनियंत्रणांचे दुकान आहे. आजोबांनी ते महालात रेडिओदुरुस्तीपासून सुरू केले, बाबांनी बर्डीवर आणले आणि आता मी व माझा चुलतभाऊ मिळून ते चालवतो. दुकानात ॲम्प्लिफायर, स्पीकर, खर्ज वाजवणारे सबवूफर, प्रोजेक्टर असे सर्व काही मांडलेले असले, तरी आमच्यासारख्या घरगुती दुकानाचे खरे काम गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्याची खोली ऐकणे हे आहे आणि यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न त्यानंतरचा आहे, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. पेट्या आज कोणीही विकतो, आणि आमच्यापेक्षा स्वस्तही विकतो.

आजोबांच्या काळी रेडिओ ही घरातली मानाची वस्तू होती. तो बाळगायला टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे आणि त्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, त्यामुळे मध्यम लहरींवर स्थानिक कार्यक्रम स्वच्छ ऐकू येत. पण १९५२ नंतर, बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली आणि घरोघरचे लोक लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधू लागले. लघुलहरी नीट पकडायच्या तर कौलांवर किंवा गच्चीवर तांब्याची लांब तार ताणून बांधावी लागे, ती जवळच्या विजेच्या तारांपासून दूर ठेवावी लागे आणि तिचे टोक खिडकीतून आत घेऊन संचापर्यंत आणावे लागे. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती सुरू होईपर्यंत, आणि खरे तर त्यानंतरही बराच काळ, आजोबांचे अर्धे काम या एरियलचेच होते. म्हणजे घर पाहिल्याशिवाय, छपरावर चढल्याशिवाय रेडिओ ‘लागत’ नसे. संच कोनाड्यात ठेवू नका, असेही ते सांगत; कारण कोनाड्यात आवाज घुमतो आणि पाठीमागून हवा न मिळाल्याने व्हॉल्व्ह, म्हणजे संचातल्या काचेच्या नळ्या, जास्त तापतात.

त्यांच्या कामाची एक सवय बाबांनी उचलली आणि बाबांकडून ती आम्हा दोघांकडे आली. व्हॉल्व्हच्या संचात आत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि संच बंद केल्यावरही कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागात तो काही वेळ साठून राहतो. त्यामुळे चालू संचात मीटरची पिन लावताना आजोबा डावा हात पाठीमागे ठेवत. दोन्ही हात आत गेले आणि धक्का बसला, तर वीज एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाते. एकच हात आत असेल तर तो मार्ग मिळत नाही. आजच्या यंत्रांत इतका दाब सहसा पॉवर सप्लायपुरताच असतो, म्हणून चुलतभाऊ ॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय तपासायला घेतो तेव्हा त्याचा डावा हात आपोआप मागे जातो.

बाबांचा काळ ट्रान्झिस्टरचा आणि कॅसेटचा. २एन३०५५ हा जाडजूड धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर त्या काळी देशातल्या बहुतेक लहान कारागिरांच्या ॲम्प्लिफायरमध्ये असे आणि बाबांनीही त्याच्यावरच हात बसवला. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या कॅसेटची दुकाने लागत, त्या दुकानदारांना दिवसभर न थकता वाजणारे संच हवे असत आणि त्यांची मागणी नवरात्राच्या आधीपासून नोंदवली जाई. स्पीकरच्या पेट्या मात्र बाबा स्वतः बनवत. लकडगंजमधून चांगले प्लाय आणायचे, सांधे सरसाने आणि स्क्रूने असे पक्के करायचे की हवा कुठूनही फुटू नये, मग बोटाच्या पेराने प्रत्येक बाजू ठोकून पाहायची. ठोकल्यावर पेटी ‘ढब’ असा बोदा आवाज देत असेल तर आत आडवी पट्टी मारायची. आवाज आखूड आणि टणक आला की मगच पुढचे काम. पेटीच्या आत भरायला विदर्भात कापसाला काय तोटा? बाबा पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला कापूस भरत. पेटीच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज त्यामुळे शोषला जातो. पावसाळ्यात तो कापूस ओल धरून खाली बसतो हे लक्षात आल्यावर त्यांनी तो पातळ कापडाच्या खोळीत शिवून भरायला सुरुवात केली. पुढे कृत्रिम धाग्याचे भरण मिळू लागले आणि खोळी शिवणे थांबले, पण त्या जुन्या पेट्यांपैकी काही अजून दुरुस्तीला येतात आणि उघडल्यावर आत आईच्या हाताची टीप दिसते.

आता आमच्या काळाविषयी. टीव्ही जसजसा पातळ होत गेला, तसतसे त्याचे स्पीकर लहान झाले आणि खाली किंवा मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवले जाऊ लागले. चित्र उत्तम झाले, पण बोलणे अस्पष्ट झाले. आमच्याकडे येणाऱ्यांची सर्वांत नेहमीची तक्रार हीच असते आणि ती बहुधा याच शब्दांत येते : “ताई, गाणं तर मस्त येऊन राहिलं, पण हे लोक बोलून काय राहिले ते समजूनच नाही राहिलं.” पुष्कळांनी तोवर महागडा साउंडबार किंवा पाच स्पीकरांचा संच घेतलेलाही असतो आणि तरीही तक्रार तशीच असते. याचे कारण नव्वद टक्के वेळा यंत्रात सापडत नाही, असे मी अनुभवाने म्हणू शकते. ते खोलीत असते.

बेसा, मनीषनगर किंवा वर्धा रोडकडच्या नव्या सदनिकांतली बैठकीची खोली डोळ्यांसमोर आणा. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, वर पीओपीचे छत, एका बाजूला सरकत्या काचा, बाकी भिंती सिमेंटच्या आणि रंगाच्या. यातला एकही पृष्ठभाग फारसा आवाज शोषत नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन या प्राध्यापकाने १८९५ च्या सुमारास असाच प्रश्न हाती घेतला होता. तिथल्या एका व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नसे. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले आणि त्यातून खोलीचे आकारमान, तिची शोषणक्षमता आणि आवाज रेंगाळण्याचा काळ यांचे सूत्र मांडले. तेच सूत्र आम्ही आजही वापरतो. १५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच अशी खोली घेतली आणि तिचे सगळे पृष्ठभाग मिळून सरासरी पाच टक्केच आवाज शोषतात असे धरले, तर आवाज विरायला जवळजवळ दोन सेकंद लागतात. बोललेल्या एका शब्दावर पुढचे चार-पाच शब्द येऊन पडतात, मग समजणार कसे? शोषण वीस टक्क्यांवर नेले की तोच काळ अर्ध्या सेकंदावर येतो आणि बोलणे सुटे होते.

यासाठी फार खर्च करावा लागत नाही, हे मी आवर्जून सांगते. जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर चुण्या पडतील असा दुप्पट रुंदीचा जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट आणि बसायला कापडी सोफा, एवढ्याने अनेक खोल्या सुधारतात. भिंतीला चिकटवायचे पातळ फोमचे चौकोन हल्ली सर्रास विकले जातात. त्यांच्याविषयी माझे मत चांगले नाही. ते फक्त उंच स्वर शोषतात. खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली एकाच वेळी मंद आणि बोदी वाटू लागते.

घुमाऱ्याची गोष्ट वेगळीच आहे. आवाजाची लांब लाट दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकते तेव्हा काही ठरावीक स्वर फुगतात आणि काही मरतात. १५ फुटांच्या खोलीत हा पहिला स्वर ३८ हर्ट्झच्या जवळ येतो, म्हणजे नेमका सबवूफरच्या हद्दीत. त्यामुळे एका खुर्चीवर धडकी भरवणारा दणका, तर शेजारच्या खुर्चीवर काहीच नाही असे घडते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे : सबवूफर उचलून जिथे माणूस बसणार त्या सोफ्यावर ठेवायचा, खर्जाची एकसारखी धून लावायची आणि भिंतीच्या कडेने रांगत जाऊन खर्ज जिथे सर्वांत समतोल ऐकू येतो ती जागा शोधायची. सबवूफर नंतर त्या जागी मांडायचा. बाबांनी हे काम सत्तरीपर्यंत स्वतः केले. धरमपेठेतल्या एका घरी ते गुडघे आणि हात जमिनीला टेकून, कान जमिनीपासून वीतभर ठेवून भिंतीच्या कडेने सरकत होते, मधूनच थांबून डोळे मिटत होते आणि खडूने फरशीवर बारीक फुली करत होते. घरातली लहान मुले त्यांच्या मागे रांगत होती. शेवटी टीव्हीच्या कोपऱ्यापासून बऱ्याच दूर, खिडकीखाली फुली ठरली. त्या घरच्या आजींना तिथे तुळशीची कुंडी ठेवायची होती. त्यांनी ती हलवली.

नागपूरचा उन्हाळा हा आमच्या कामातला आणखी एक भाग आहे, ज्याचा उल्लेख कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नसतो. मार्चअखेरीपासून घरोघरी कूलर चालू होतो आणि तो पूर्ण वेगात असला की त्याची घरघर साध्या बोलण्याच्या आवाजाएवढी भरते. लोक मग संवादासाठी आवाज वाढवतात आणि मारामारीचे दृश्य आले की दचकून कमी करतात. म्हणून आम्ही ज्या घरी कूलर आहे तिथे दोन मांडण्या यंत्रात साठवून देतो : हिवाळ्याची नेहमीची आणि उन्हाळ्याची वेगळी, जिच्यात संवाद देणारा मधला स्पीकर तीन-चार डेसिबलने उचललेला असतो आणि मोठ्या-लहान आवाजातले अंतर कमी केलेले असते. कूलरचा झोत थेट स्पीकरवर येऊ देऊ नये, हेही सांगावे लागते. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा स्पीकरच्या कागदी पडद्यात मुरते आणि तारांच्या टोकांवर हिरवा गंज चढवते. शिवाय ॲम्प्लिफायर टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंडू नये. आतल्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते.

हे सगळे पाहायला घरी जाण्याचे पैसे घ्यावेत की नाही, यावर बाबांचे आणि माझे मतभेद होते. “बेटा, ऐकण्याचे कसले पैसे? माल घेतला की आपले भागले,” असे ते म्हणत, आणि त्यांच्या काळात ते खरेही होते, कारण सल्ला ज्याने दिला त्याच्याकडूनच माणूस माल घेई. आता तसे राहिलेले नाही. आम्ही खोली मोजावी, स्पीकरचे नाव सुचवावे आणि गिऱ्हाइकाने आमच्यासमोरच मोबाइलवर दुसरीकडचा भाव पाहून तिथे मागणी नोंदवावी, हे वारंवार घडू लागले. मला त्या गिऱ्हाइकांचा राग येत नाही, पैसा वाचवणे गैर नाही. पण मग त्या ज्ञानाची किंमत वेगळी लावली पाहिजे, असे मी धरून बसले. आता पाहणीचे शुल्क आधी घेतो, खोलीचा लेखी अहवाल देतो आणि माल कुठूनही घ्या, बसवून आणि जुळवून देऊ असे स्पष्ट सांगतो. शुल्काचा विषय निघाला की बाबा पहिले काही महिने गल्ल्यावरून उठून आत जात. पुढे एका प्राध्यापकांनी अहवाल वाचून, काही न विकत घेता, केवळ सोफा हलवून आणि पडदे बदलून आपल्या जुन्याच संचाचा आवाज सुधारला आणि शुल्क देऊन वर आभार मानले, तेव्हापासून अहवालाच्या शेवटी बाबाही आपली सही करतात.

दुरुस्तीचे टेबल आम्ही बंद केलेले नाही. त्यातून फारसे सुटत नाही हे खरे, पण ज्याला कथलाचा डाग नीट देता येत नाही, त्याला यंत्रातली घरघर कुठून येते तेही कळत नाही. महालातल्या जुन्या वाड्यांमध्ये दोन पिनांची वायरिंग अजून आहे, अर्थिंग नाही, आणि केबल टीव्हीची तार व ॲम्प्लिफायर यांच्या अर्थच्या जोडण्या वेगळ्या असल्या की ५० हर्ट्झची ती ‘घूं’ सुरू होते. ती नवीन ॲम्प्लिफायर घेऊन जात नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावून जाते.

ज्यांचे घर सध्या बांधून होत आहे, त्यांना एक विनंती. प्लास्टर होण्यापूर्वी टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्यामागच्या भिंतीपर्यंत आणि छतातल्या प्रोजेक्टरच्या जागेपर्यंत दीड-दोन इंची पाइप टाकून घ्या, वळणे काटकोनात न घेता मोठ्या गोलाईची ठेवा आणि आत ओढायला नायलॉनची दोरी सोडून ठेवा. चित्र आणि आवाज नेणारी साधी एचडीएमआय तार लांब अंतरावर फोर-के चित्र नीट नेत नाही, तिथे प्रकाशतंतूची तार घालावी लागते आणि तिचे तयार टोक अरुंद पाइपातून जात नाही. विजेच्या तारा या पाइपात एकत्र घालू नका. यंत्रांसाठी मीटरपासून अर्थिंगसह स्वतंत्र लाइन ओढायला सांगा. हे काम त्या वेळी थोडक्यात होते. नंतर भिंत फोडावी लागते.