घोट्याजवळची जखम आणि दाबाची पट्टी

लेथपुढे उभे राहून आयुष्य काढलेले उद्यमनगरातले कामगार असोत, की खानावळीत दिवसभर भाकऱ्या थापणाऱ्या मावश्या, संध्याकाळी पाय जड होणे आणि पोटऱ्या भरून येणे हे कोल्हापुरात बहुतेक जण अंगावरच काढतात. परिचारिका म्हणून माझ्याकडे ते येतात ते घोट्याच्या आतल्या बाजूला जखम झाल्यावर, आणि तोवर त्या जखमेवर हळदीपासून दंतमंजनापर्यंत सगळे लावून झालेले असते.

पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते आणि आतल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या की रक्त पायात तुंबते, सूज येते, घोट्याभोवतीची कातडी तपकिरी व कडक होते आणि नुसत्या खाजवण्यानेही फाटते. म्हणून केवळ ड्रेसिंग बदलत राहून ही जखम सहसा भरत नाही. तुंबलेले रक्त वर चढवणारी दाबाची पट्टी हेच तिचे खरे औषध आहे, हे रुग्णाला आणि घरच्यांना पटेपर्यंत सांगणे मी माझे पहिले काम मानते.

मात्र पायाच्या धमन्यांतून रक्त नीट येते आहे, याची खात्री झाल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नये. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागल्यावर उत्तर ०.८ पेक्षा कमी आले, तर तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी पट्टीला हात लावत नाही. मधुमेही रुग्णांत धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा तिथे अधिकच सावध राहावे लागते.

पट्टी शक्यतो सकाळी, सूज उतरलेली असताना बांधावी. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची, टाच उघडी ठेवायची नाही, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर बसवत गुडघ्याच्या खालपर्यंत जायचे. दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी होत गेला पाहिजे. ‘सिस्टर, जरा सैल बांधा की,’ असे मामा हमखास म्हणतात, पण सैल पट्टी घसरून घोट्याशी गोळा होते आणि तिथेच काचते. बांधून झाल्यावर बोटाचे नख दाबून सोडावे. लाली लगेच परतली नाही, बोटे गार पडली किंवा मुंग्या आल्या, तर पट्टी तत्काळ सोडावी. सुजलेल्या बोटांतली जोडवी आधीच काढून ठेवणे बरे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

पट्टी बांधून खाटेवर पडून राहणेही उपयोगाचे नाही, कारण पोटरी हलली तरच रक्त वर चढते. चालावे, बसल्या जागी पाऊल वर-खाली करावे, आणि झोपताना खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवाव्यात. हृदय कमजोर असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर पट्टी किंवा मालिश न करता थेट रुग्णालय गाठावे, कारण आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

जखम भरली तरी झडपा दुरुस्त झालेल्या नसतात, त्यामुळे दाबाचे मोजे पुढेही रोज घालावे लागतात आणि त्यांचा ताण सैल पडला की नवे घ्यावे लागतात.