आमच्या गावातील मोफत कलासंध्या : माझा अनुभव

१३ जानेवारी २०२५ रोजी, पौष पौर्णिमेच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावात पाच जागी कलेचे कार्यक्रम झाले आणि एकाही जागी तिकीट नव्हते. मी येथील सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. या कामाचे सगळे अर्ज मी लिहिले आणि पावत्यांची वहीही माझ्याकडेच होती, त्यामुळे सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत काय काय घडले आणि कोठे आमचे चुकले, हे मी खात्रीने सांगू शकते.

कल्पना आमच्या वाचनालयाच्या एका जुन्या वाचक मुलीची. ती मुंबईत शिकते आणि तेथील काळा घोडा महोत्सव तिने दोनदा पाहिला आहे. १९९९ पासून चालत आलेल्या त्या महोत्सवात लोक प्रवेशमूल्य न देता एका इमारतीतून दुसरीत फिरतात, हे तिने गणपतीत घरी आल्यावर आमच्या कार्यकारिणीला सांगितले. मग मी वाचले तेव्हा कळले, की पॅरिस शहराने २००२ पासून वर्षातली एक रात्र अशीच सर्वांना खुली ठेवली आहे आणि बर्लिनमध्ये १९९७ पासून संग्रहालयांची रात्र होते, पण तेथे सगळ्या संग्रहालयांसाठी मिळून एक तिकीट काढावे लागते. मला त्यात विशेष वाटले ते हे, की कार्यक्रम एका मंडपात आणून ठेवण्याऐवजी गावच कार्यक्रमासाठी उघडे करायचे. आमच्या गावात नाट्यगृह नाही, पण वाचनालयाचे सभागृह, जिल्हा परिषद शाळेचे पटांगण, गुरुदेव सेवा मंडळाचे प्रार्थनागृह, आठवडी बाजाराचे ओटे आणि धानाच्या हंगामानंतर मोकळे होणारे राईस मिलचे आवार आहे. तेवढे पुरेसे होते.

पहिली हरकत मला अपेक्षित नव्हती तेथून आली. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या या धानाच्या मुलखात, नाटक तिकीट काढूनच पाहिले जाते. भाऊबीजेनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू झाली, की होळीपर्यंत गावोगावी मंडळे नाटके लावतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे नाट्यकंपन्यांची कार्यालये आहेत, तेथे जाऊन मंडळाचे लोक प्रयोग ठरवून येतात आणि तिकिटातून उरलेल्या पैशांत गावाची कामेही होतात. मजुरी करणारा माणूससुद्धा येथे घरी आलेल्या पाहुण्यांची तिकिटे स्वतः काढतो आणि त्यात त्याला मान वाटतो. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती अशा पैसे मोजून रात्रभर बसणाऱ्या प्रेक्षकांच्या बळावर टिकलेल्या कलेला मिळाली, असे मी मानते. अशा मुलखात आम्ही ‘मोफत’ म्हणू लागलो, तेव्हा लोकांनी दोन प्रश्न विचारले : हा कोणत्या पक्षाचा कार्यक्रम आहे, आणि पैसे घेण्यासारखे काही नाही म्हणून तो फुकट आहे काय? शिवाय शेजारच्या गावातील एका नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी स्पष्टच विचारले, की तुम्ही त्याच रात्री फुकट दाखवणार असाल तर आमची तिकिटे कोण घेईल. त्यांचे म्हणणे रास्त होते. आम्ही त्या दिवशीच ठरवले, की झाडीपट्टीचे मोठे नाटक आपण ठेवायचे नाही आणि आसपासच्या मंडळांच्या व शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) तारखा विचारल्याशिवाय आपली तारीख छापायची नाही.

दुसरी हरकत मला आतून हलवून गेली. खडी गंमत, म्हणजे ढोलकी-डफावर उभ्याने सादर होणारी आमच्याकडची लोककला, करणाऱ्या एका वयस्कर शाहिरांना मी पत्र लिहिले होते आणि त्यात ‘आपण सेवाभावाने सहभागी व्हावे’ असे वाक्य घातले होते. असे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक निमंत्रणात असते आणि आजवर मीही ते विचार न करता लिहीत आले. शाहीर बाजाराच्या दिवशी वाचनालयात आले, पत्र टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “ताई, मी येतो बिनपैशाचा. पन माह्या ढोलकीवाल्याची रोजी कोन देईन? त्याले कापनी सोडून या लागते.” मला उत्तर देता आले नाही. प्रेक्षकाला फुकट देण्यासाठी आम्ही जो पैसा वाचवत होतो, तो त्या ढोलकीवाल्याच्या रोजीतून वाचत होता. म्हणजे गावातल्या सर्वांत कमी कमावणाऱ्या माणसाने गावाला कार्यक्रम भेट द्यायचा, अशी ती योजना होती. त्या रात्री मी पाठवलेली सगळी पत्रे परत मागवली आणि नवीन लिहिली. नव्या पत्रात एकच अट होती : प्रेक्षकाकडून काही घ्यायचे नाही आणि कलावंताला मानधन दिल्याशिवाय उभे करायचे नाही. मानधन प्रत्येकाला सारखे, आठशे रुपये, मग तो शाहीर असो की झांज धरणारा मुलगा. एकूण त्रेचाळीस कलावंत होते, म्हणजे चौतीस हजार चारशे रुपये नुसत्या मानधनाचे.

कार्यकारिणीत यावर वाद झाला. वाचनालयाला मिळणारे शासकीय अनुदान पुस्तके, वेतन आणि वाचनालयाच्या खर्चासाठी असते, त्याला हात लावता येत नव्हता आणि लावूही नये. पुढाऱ्यांकडून पैसा घेतला असता तर फलकावर छायाचित्र आले असते आणि लोकांचा पहिला संशय खरा ठरला असता. शेवटी आमच्या एका सदस्याने सुचवले, की मळणी झाल्यावर घरोघरी पायलीभर धान मागू. मंडईसाठी आणि सप्त्यासाठी अशी वर्गणी येथे पूर्वीपासून जमते, त्यामुळे कोणाला ती नवी वाटली नाही. डिसेंबरात आम्ही चार रविवार पोती घेऊन फिरलो. चौदा क्विंटल धान जमले आणि राईस मिलच्या मालकांनी ते त्या हंगामाच्या हमीभावाने, क्विंटलला २३०० रुपयांनी घेतले, त्याचे बत्तीस हजार दोनशे रुपये झाले. मंडप, जनित्र, डिझेल आणि मानधनात कमी पडणारी रक्कम यांसाठी व्यापाऱ्यांनी आणि शिक्षकांनी वर्गणी दिली. ज्या घराने पायलीभर धान दिले, त्या घराला कार्यक्रम ‘फुकट’ उरला नाही, तो त्यांचा झाला, आणि दारात दाखवायला कोणतेही तिकीट लागले नाही.

तारखेने आम्हाला सर्वांत जास्त फिरवले. आधी आम्ही कार्तिक पौर्णिमा धरली होती, पण ती १५ नोव्हेंबरला येत होती आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. आचारसंहितेच्या काळात ध्वनिक्षेपकाची परवानगी मागायला गेल्यावर एका कार्यालयात आमचा अर्ज तीन वेळा परत आला, प्रत्येक वेळी निराळी त्रुटी सांगून. त्या खेपांनी माझी तीन अर्ध्या दिवसांची रजा गेली, याचे मला आजही वाईट वाटते, कारण तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी एकत्र सांगता आल्या असत्या. पण तारीख पुढे गेली ते बरेच झाले. नोव्हेंबरात भारी (उशिरा पिकणाऱ्या) धानाची कापणी असते, फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, आणि मधल्या काळात पौष पौर्णिमा सोमवारी येत होती, जो आमच्या बाजाराचा दिवस. त्यात दुसऱ्या दिवशी संक्रांत असल्याने तिळगुळासाठी आणि वाणासाठी खेड्यांतल्या बाया बाजाराला येणारच होत्या. दुसरा विचार करावाच लागला नाही.

परवानग्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण येथेच अनेकांचा उत्साह संपतो. पाच जागा म्हणजे पाच कार्यक्रम, असे पोलीस ठाण्यात धरले जाते. प्रत्येक जागेच्या मालकाचे ना हरकत पत्र वेगळे लागले, बाजाराच्या ओट्यांसाठी नगरपंचायतीचे आणि पटांगणासाठी शाळा व्यवस्थापन समितीचे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि रुग्णालय, शाळा व न्यायालयाभोवतीचे किमान शंभर मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. खडी गंमत आम्ही आधी बसस्थानकासमोर ठेवली होती. टेप घेऊन मोजले तेव्हा ग्रामीण रुग्णालयाची भिंत ब्याऐंशी मीटरवर निघाली, म्हणून ती बाजाराच्या ओट्यांवर नेली. शाळेत केवळ चित्रे आणि बांबूकाम ठेवले, तेथे ध्वनिक्षेपकच लावला नाही. शिक्षकांच्या हौशी मंडळाची एकांकिका होती, तिच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे काय, हे ठाण्यात विचारले गेले. प्रमाणपत्र असलेली संहिताच निवडल्यामुळे तो प्रश्न लगेच मिटला. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला सूट आहे, तरी आम्ही लेखकाला पत्र लिहून संमती घेतली. ज्याचे लेखन आपण वापरतो त्याला निदान विचारावे, हे शाहिरांनी शिकवलेल्या गोष्टीतलेच होते. शिक्षकांना वेतन आहे म्हणून त्यांनी आपले मानधन स्वतःहून घेतले नाही, आणि त्रेचाळीसांत त्यांची गणना नाही.

राईस मिलच्या आवारात आम्हाला रोवणीची गाणी हवी होती. आषाढ-श्रावणात चिखलात वाकून धान रोवताना बाया जी गाणी म्हणतात, ती मी लहानपणापासून बांधावरून ऐकत आले आहे, पण ती कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत मी कधी पाहिली नव्हती. नऊ बायांना विचारायला मी तीन संध्याकाळी त्यांच्या मोहल्ल्यात गेले. पहिल्या दिवशी त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली वडीलधारी बाई म्हणाली, “उभ्यानं नाही येत ते गानं. वाकल्यावर येते.” हे मला फार खरे वाटले आणि आजही वाटते, कारण त्या गाण्याची चाल हाताच्या गतीवर चालते, एक ओळ म्हणजे रोपांची एक ओळ. म्हणून मंच केला नाही. मिलच्या ओट्यावर भुसा पसरून त्यांना बसायला दिले, पुढ्यात सुपे ठेवली आणि धान पाखडता पाखडता म्हणा, असे सांगितले. त्या तयार झाल्या.

आमचा तालुका ताडोबा आणि घोडाझरी या अभयारण्यांच्या मधल्या जंगलपट्ट्यात येतो, आणि अंधार पडल्यावर खेड्यात पायी परतणे ही येथे साधी गोष्ट नाही. वाघाच्या हल्ल्यात माणसे गेलेली घरे प्रत्येक बाजूच्या गावांत आहेत. झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चालते त्याचा एक फायदा हाही, की माणसे उजाडल्यावरच निघतात. आमचा कार्यक्रम दहाला संपणार होता, म्हणजे नेमक्या वाईट वेळी. वनरक्षकांना विचारून चार रस्त्यांसाठी चार ट्रॅक्टर ठरवले, साडेआठची एक आणि सव्वादहाची एक अशा फेऱ्या केल्या आणि कोण कोणत्या गावाला जाणार यांची यादी वाचनालयात ठेवली. सोबतीशिवाय कोणाला पायी निघू द्यायचे नाही, हे काम तरुण मुलांनी केले. ही व्यवस्था झाली नसती, तर मी स्वतः कार्यक्रम रद्द करा म्हटले असते.

प्रत्यक्ष संध्याकाळी आमची मोठी चूक उघडी पडली. पत्रिकेवर पाचही जागांची वेळ सहा छापली होती. सहा वाजता ओट्यांवर ढोलकी कडाडली आणि बाजाराला आलेली सगळी माणसे तेथेच थांबली. सात वाजता वाचनालयात जुन्या हस्तलिखितांपुढे सात जण होते, प्रार्थनागृहात खंजिरी घेऊन बसलेले भजनी एकमेकांनाच ऐकवत होते आणि मिलच्या आवारात नऊ बाया सुपे मांडीवर ठेवून वाट पाहत होत्या. मला रडू आवरेना. मी ओट्यांपाशी जाऊन शाहिरांच्या कानात सांगितले. त्यांनी कवन पुरे केले, डफ खाली ठेवला आणि लोकांना म्हणाले, “आता आपल्याच बायाइचं गानं आयकून या. अर्ध्या घंट्यानं मी पुन्हा उभा राहीन, तवरिक कोनी आलं तरी वाजवनार नाही.” ते खरेच खाली बसले. लोक उठले, कंदिलांच्या रांगेने मिलकडे गेले, तेथून काही शाळेत, काही प्रार्थनागृहात. शाळेत बुरड कारागीर बांबूची पाती काढत होते. त्यांच्याभोवती मुलांनी जी गर्दी केली, ती दहापर्यंत हलली नाही. चंद्र चांगला वर आला होता आणि थंडी होती, त्यामुळे घोंगड्या पांघरलेली माणसे या जागेहून त्या जागेकडे चालताना दिसत होती. मला हेच पाहायचे होते.

दुसऱ्या दिवशी संक्रांत असूनही मी वाचनालय उघडले आणि मानधन वाटले, कारण उद्यावर टाकलेले मानधन महिनोन्‌महिने राहते, हे मी पाहिले आहे. प्रत्येकाची पावती केली. रोवणीच्या बायांपैकी एकीने पावतीवरचा ‘कामाचे स्वरूप’ हा रकाना बोट ठेवून विचारला, आणि मी तेथे ‘गायन’ लिहिले. तिने ते दोनदा वाचून घेतले. रोजगार हमीच्या कामावर तिने अनेक कागदांवर सह्या केल्या आहेत, पण तेथे नेहमी माती खोदण्याचे काम लिहिलेले असते, असे ती म्हणाली.

हिशेब नगरपंचायतीच्या फलकावर लावला. सगळे देऊन दोन हजार एकशे रुपये उरले, ते पुढच्या वर्षाच्या खात्यात आहेत. पुढच्या पत्रिकेत पाच जागांच्या वेळा पाऊण-पाऊण तासाने सरकवायच्या आणि खडी गंमत शेवटी ठेवायची, असे ठरले आहे. दंडार या नाच-गाण्याच्या लोककलेच्या कलावंतांनी स्वतःहून निरोप पाठवला आहे, की त्यांना मंडप नको, खळ्याची मोकळी जागा द्यावी. तशी दोन खळी मी पाहून ठेवली आहेत.