पाठीतली सुई आणि जांघेतली नस

दुसऱ्या खेपेला पाचवा महिना लागला आणि माझी कंबर धरली. धरली म्हणजे कशी, तर रात्री कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. बसल्या जागेवरून उठताना उजव्या बाजूला खाली, खोल कुठेतरी अशी कळ यायची की भिंत धरून थांबायचं आणि मगच पाऊल टाकायचं. त्यात उजव्या मांडीची बाहेरची बाजू जळजळायला लागली. ओढणी घासली तरी सहन व्हायचं नाही, आणि तिथेच चिमटा काढला तर धड कळायचंही नाही.

घरात निदान तयार होतं. "पहिल्या वेळी पाठीत सुई घेतलीस ना, तीच आता बाधतेय," सासूबाई म्हणाल्या. आईचंही तेच मत. पहिलं बाळंतपण एपिड्युरल घेऊन, म्हणजे कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत सुईने बारीक नळी सरकवून देतात ती भूल घेऊन झालं होतं. नळी सरकवताना पायात विजेसारखी चमक गेली होती आणि नंतर काही आठवडे हीच मांडी बधिर होती. त्यामुळे संशय अगदीच हवेतला नव्हता. पण चार वर्षं गप्प बसलेली सुई आताच का बोलायला लागली, हे मला कोणी सांगेना. आणि सुईच कारण असेल तर या वेळी भूल घ्यायची की कळा सोसायच्या, हा प्रश्न पोटासोबत वाढत चालला होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे दुखतंय?" माझं बोट कण्यावर गेलंच नाही. कमरेखाली दोन्ही बाजूंना खळी पडते ना, त्यातल्या उजव्या खळीवर गेलं. मग त्यांनी कण्याच्या मधोमध, त्याहून बरंच वर, स्वतः दाबून पाहिलं. "सुई इथे कुठेतरी दिली असणार. इथे दुखतंय?" अजिबात नाही.

दुखत होता तो कण्याचा तळ आणि कमरेचं हाड जोडणारा सांधा. सॅक्रोइलियाक म्हणतात त्याला. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैलावतात, पोटाचा भार पुढे जातो आणि या सांध्यावर ताण येतो. ओटीपोटाच्या हाडांचं हे दुखणं साधारण पाचांतल्या एका गरोदर बाईला होतं, आधी सुई घेतलेली असो वा नसो. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करणारे चांगले अभ्यास झालेत, त्यांतही जुनाट पाठदुखी एपिड्युरलमुळे वाढल्याचं दिसलेलं नाही. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहतो, तो वेगळा.

मग मला पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला. मणक्यांमधली गादी सरकून नसेचं मूळ दबलं असेल तर अशा वेळी कळ गुडघ्याखाली पार पावलापर्यंत धावते. माझी धावली नाही. टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. ताकद शाबूत होती. एमआरआय हवा का, असं मी विचारलंच. गरोदरपणात तो करता येतो, त्यात क्ष-किरण नसतात, पण ताकद कमी झालेली नसताना त्यातून उपचार बदलणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मात्र पाऊल लुळं पडलं, दोन्ही पायांतली ताकद गेली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर सकाळची वाट न पाहता निघून या, हे त्यांनी बजावून सांगितलं. ठरावीक अंतराने येणारी-जाणारी कंबरदुखी अंगावर काढायची नाही, कारण त्या वेळेआधीच्या कळा असू शकतात. सोबत ताप आणि लघवीला जळजळ असेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो.

औषध म्हणून फक्त पॅरासिटामॉल, तेही विचारून. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनानं घ्यायचं नाही. विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. आमच्या घरातली दुखण्यावरची मलमाची ट्यूबसुद्धा डायक्लोफेनॅकचीच निघाली.

मांडीचं कोडं सोडवलं फिजिओथेरपिस्टने. तिने कापसाचा बोळा फिरवत, जिथे स्पर्श बदलतो तिथे पेनाने ठिपके काढले आणि ते जोडले. विजारीच्या खिशापासून गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत एक लांबट नकाशा तयार झाला. "ही कण्यातली भानगड नाही, जांघेतली आहे," ती म्हणाली. मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून, जांघेतल्या बंधाखालून जाते. वाढतं पोट आणि घट्ट इलॅस्टिक तिला तिथे दाबतं. नाव भारदस्त आहे, मेराल्जिया पॅरेस्थेटिका. या नसेकडे फक्त संवेदना असते, स्नायू नसतो, म्हणून आग कितीही झाली तरी पाय लुळा पडत नाही. आणि कंबरेला आधार म्हणून मी जो पट्टा आवळत होते, त्याची कड बरोबर त्याच टोकावर बसत होती! तो पट्टा गेला. दुसरा आला, तो खुब्यांच्या पातळीवर, बराच खाली बांधायचा.

बाकीची शिकवण साधी होती, पण पाळायला चिकाटी लागते. गुडघे एकमेकांना चिकटवून मगच कूस बदलायची, मध्ये उशी. विजार बसून घालायची, एका पायावर उभं राहून नाही. जिन्यावर एका वेळी एकच पायरी. हात-गुडघ्यांवर येऊन पाठ हळूच गोल करायची आणि सोडायची, नितंबांचे स्नायू आवळून धरायचे. मोठ्या मुलाला एका कडेवर घेणं बंद. हे शेवटचं त्याला पटवणं सगळ्यात अवघड गेलं.

आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञांना भेटले, जुने कागद घेऊन. हे प्रत्येकीने आधीच करावं, कळा सुरू झाल्यावर असं बोलणं होत नाही. त्यांनी सांगितलं की मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, सुई साधारण त्याच्या खाली देतात आणि तीही मज्जारज्जू-नसांभोवतीच्या आवरणाच्या बाहेर राहते. नळी नसेला घासली की चमक येते आणि जाते. सुईने खरंच इजा झाली तर ती त्या तासांत, फार तर दिवसांत दिसते, वर्षांनी उगवत नाही. कायमची इजा किती जणींना होते, हेही मी विचारलं. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००९ साली पाठीतून दिलेल्या सात लाखांहून अधिक भुलींचा हिशेब मांडला होता. बाळंतपणासाठी दिलेल्यांत ते प्रमाण लाखात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे.

मग पहिल्या वेळची बधिर मांडी? त्यावर त्यांनी मलाच विचारलं, "जोर करताना पाय कसे होते?" गुडघे पोटाशी ओढून, बराच वेळ, दोघींनी धरून. जांघेत तीच नस दुमडली जाते, आणि भूल असल्यामुळे पाय अवघडल्याचं कळत नाही. म्हणजे सुईचा संबंध होता, पण असा आडवळणाने.

म्हणून या वेळी तयारी पायांची केली. फिजिओथेरपिस्टने मला झोपवून, न दुखता गुडघे किती फाकतात ते टेपने मोजलं आणि आकडा फाइलवर लिहून दिला. भूल चढल्यावर माझं शरीर "बस" म्हणणार नव्हतं, म्हणून मापानेच म्हणायचं. कळा सुरू झाल्यावर नर्सताईंना मी तो कागद दाखवला. त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं, पण वाद घातला नाही. एपिड्युरल घेतलं, नळी पहिल्याच वेळी बसली. कुशीवर राहिले, मध्ये उशी, कळ ओसरली की पाय सरळ करून द्यायला नवऱ्याला बसवलं होतं. जोरही कुशीवरच केला.

खळीतली कळ काही आठवड्यांत ओसरली. मांडीचा बधिरपणा रेंगाळला, मुलगी पालथी पडायला लागली तरी थोडा होता, आता नकाशाच्या मध्यावर नाण्याएवढा उरलाय. सासूबाई अजूनही "सुईच ती" म्हणतात. मी वाद घालत नाही, घट्ट इलॅस्टिकच्या विजारी मात्र सगळ्या काढून टाकल्या.